पेट्रीचं इंजिन

“जहाज उद्याच पाण्यात सोडायचं. पण इंजिन आपलं नाही बसणार,” जहाजबांधणीच्या गोदीचे संचालक ऑर्मिस्टन म्हणाले आणि खिडकीतून क्लाइड नदीकडे बघत राहिले.

लॉकलन पेट्रीला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. “म्हणजे?”

“जहाजाच्या मालकांना डेन्मार्कचं हवंय. तिथल्या लोकांना या कामाचा अनुभव आहे म्हणे. आपल्याला उशीर झाला, पेट्री.”

“उशीर कुणी केला?”

गोदीत अभियंता म्हणून लागल्यापासून पेट्री डिझेल इंजिनाचे आराखडे घेऊन याच खोलीत येत होता. दरवेळी तेच ऐकायचा: बापजाद्यांनी वाफेवर जग फिरवलं, आपल्याला हे खूळ कशाला? परदेशी गोद्या कामं पळवू लागल्या, तेव्हा कुठे परवानगी मिळाली आणि त्याचं इंजिन तयार झालं. तोवर त्याचे केस पांढरे झाले होते.

दुसऱ्या दिवशी जहाज उतारावरून सुरेख घसरलं. बँड वाजला, टोप्या हलल्या. एरवी नवं जहाज इंजिन चढवायला गोदीच्या मोठ्या क्रेनखाली येई. हे मात्र टगबोटींनी क्रेनसमोरून थेट समुद्राकडे ओढत नेलं. टोप्या हलवणारे हात हळूहळू खाली आले.

“नवरी आपली, नवरा डेन्मार्कचा,” फोरमन रेनी पुटपुटला. पेट्री हसला नाही.

इंजिनाला गिऱ्हाईक मिळेना. अखेर ते भंगारात काढायचं ठरलं. भंगारवाला गॅसकटर घेऊन आला, तेव्हा पेट्री शेडच्या दारातच उभा राहिला.

“कापायचं नाही. माझी माणसं खोलतील.”

“भंगारच ना साहेब? कापलं काय नि खोललं काय.”

“खोलतील म्हटलं ना.”

त्या दिवशी घरी बायको नेसा म्हणाली, “किती जिवाला लावून घेशील? सोडून दे ती नोकरी.”

“आयुष्यात एकच इंजिन माझं म्हणून केलं, नेसा. चाललं नसतं तर गप्प बसलो असतो. चालू दिलं नाही गं.”

तिने पुढ्यातलं सूप पुन्हा गरम करायला नेलं.

सकाळी खोलायला सुरुवात झाली. पहिला पिस्टन बाहेर आला, तेव्हा पेट्रीने कोट काढून ठेवला, बाह्या सारल्या आणि तेलाचं फडकं घेऊन तो पुसू लागला.

रेनी जवळ आला. “साहेब, हा आता भट्टीत जाणार. तेल कशाला?”

“बाहेर पाऊस आहे. गंज चढेल.”

रेनीने दुसरं फडकं घेतलं.