धाडच्या काळ्या छत्रीची गुलाबी सवत

मी एक जुनी छत्री आहे. काळ्या कापडाची, लांब दांड्याची, वेताच्या वाकड्या मुठीची. मित्रांनो, आधीच कबूल करते, माझा स्वभाव जळका आहे. दुसऱ्या छत्रीचं कोणी कौतुक केलं की माझ्या आठही काड्यांमध्ये ठणका उठतो. तो का उठतो, हे माझी गोष्ट ऐकल्यावर तुम्हालाच कळेल.

मी कुठल्या कारखान्यात जन्मले ते आठवत नाही. आठवतं ते मेहकरच्या बसस्टँडजवळचं दुकान. तिथं दारावर मी उलटी टांगलेली होते. एसटीचे ड्रायव्हर पंजाबराव आले, त्यांनी मला उघडलं, मिटलं, जमिनीवर दोनदा ठोकलं आणि म्हणाले, "हे पक्की हाय. सिंधूले पुरीन आयुष्यभर." तेव्हापासून मी बुलढाण्याजवळच्या धाड गावची झाले.

सिंधूताई म्हणजे पंजाबरावांची बायको, गावातल्या अंगणवाडीच्या सेविका. त्या माझ्या सावलीत चार-चार लेकरं घेऊन चालायच्या. उन्हाळ्यात मी, पावसाळ्यात मी, बाजाराला मी, लग्नाला मी. काडी मोडली की आठवडी बाजारात पोत्यावर बसणाऱ्या शाकीरचाचांकडे माझी रवानगी व्हायची. त्यांनी माझ्या दोन काड्या बदलल्या, एक ठिगळ लावलं. पण माझी घडी बांधायची पट्टी तुटली, तेव्हा मात्र त्यांनी हात टेकले. म्हणाले, "ताई, इसकी पट्टी का माल अब आताच नई. ऐसीच वापरो." तेव्हापासून मिटल्यावरही माझं कापड सैल लोंबतं. केस न विंचरता बाजारात आलेल्या बाईसारखी मी दिसते. काय करणार?

पंजाबरावांनी तीस वर्षं बुलढाणा ते धाड आणि धाड ते बुलढाणा बस चालवली. ते हसून म्हणायचे, "लोकांले लय फिरवलं, आपुन कुठीच गेलो नाही." त्यांची एकच इच्छा होती. श्रीलंकेत अनुराधापूरला जायचं आणि संघमित्रेनं भारतातून नेलेल्या फांदीचा तो बोधिवृक्ष बघायचा. त्याचं एक गळालेलं पान आणून गावच्या विहारात लावायचं. त्यासाठी त्यांनी बांधावरच्या सागाची चौकट स्वतः तासून बनवली, काच बसवली आणि विहाराच्या भिंतीवर टांगूनही टाकली. आत काहीच नाही! पोरं चिडवायची, "आजोबा, कवा येते पान?" ते म्हणायचे, "जागा तयार पाहिजे बे. पान येईन." पान आलं नाही, पंजाबरावच गेले. चौकट तशीच रिकामी राहिली.

दोन वर्षांनी बुलढाण्याहून श्रीलंकेची सहल निघाली. तीस माणसं, आठ दिवस, बसनं सगळा देश बघायचा. सिंधूताईंनी नाव दिलं. त्या सुनेला म्हणाल्या, "मंजुश्री, मले पान आणाचं हाय. बाकी काही दिसलं नाही तरी चालीन." मित्रांनो, माझं कापड फुगलं. त्यांच्याबरोबर कोण जाणार? मीच की! पंचवीस वर्षांची सोबत माझी.

आणि जाण्याच्या आदल्या दिवशी मंजुश्रीनं ती आणली.

गुलाबी, वर पांढरी फुलं, घडी केली की वीतभर. बटण दाबलं की टप्प करून उघडायची. घरात सगळे बटण दाबून बघायला लागले. शेजारची पूनम म्हणाली, "काय भारी हाय वं! पर्समधी मावते." मी खुंटीवरून बघत होते. अंगाचा नुसता तिळपापड झाला. सवत आली घरात, सवत! नव्याची नवलाई नऊ दिवस, असं स्वतःला बजावलं. पण सहल आठच दिवसांची होती, हेही मला ठाऊक होतं.

मला घरीच ठेवायचं ठरत होतं. सिंधूताईंच्या गुडघ्यानं मला वाचवलं. सहल नेणारा गजेंद्र बुलढाण्याचा पोरगा. तो मला बघून म्हणाला, "मावशी, विमानात हे लांबोडकं काऊन?" सिंधूताई म्हणाल्या, "गुडघा दुखते बाबा. मले ते काठीवानी लागते." म्हणजे मी छत्री म्हणून नाही, काठी म्हणून निघाले. त्यात मला सामानाच्या ढिगात टाकलं आणि गुलाबी बसली ताईंच्या मांडीवरच्या पर्समध्ये. तिनं ढग बघितले. मी बॅगांची चाकं बघितली.

श्रीलंका कशी आहे म्हणून विचाराल, तर बाई गं, हिरवी! आपल्याकडे पोळ्यानंतर चार दिवस दिसतं तसं तिथं बाराही महिने. रस्त्याच्या कडेला नारळ, केळी, फणस. बस वळणावळणानं वर चढली तेव्हा डोंगरभर चहाचे मळे होते. गाइड निमल बसमध्ये माइक घेऊन मोडक्या हिंदीत सगळं समजावायचा. उतरलं की तो आपली केशरी छत्री उंच धरायचा. म्हणायचा, "सब लोग ये छाता देखो. कोई खो गया तो अपना छाता ऊपर करो, हम आएगा." तीस माणसं मान वर करून त्या केशरी छत्रीमागं चालायची. तो मान बघून मी जळून कोळसा झाले. माझा दांडा तिच्यापेक्षा लांब होता. पण माझं टोक जमिनीवर, टक टक टक.

कँडीत भर दुपारी पाऊस कोसळला. वाटलं, आता तरी मला उघडतील. सिंधूताईंनी पर्समध्ये हात घातला. टप्प! गुलाबी वर, आणि मी खाली चिखलात. सोबतच्या बाया म्हणाल्या, "सिंधूताई, छत्री मस्त हाय तुमची." कोणती ते सांगायला नकोच. त्या आठ दिवसांत मला एकदाही कोणी उघडलं नाही.

तरी एक मान मला होता. सिंधूताई हळू चालायच्या, म्हणून रोज सगळ्यांत शेवटी बसमध्ये चढायच्या. दोन दिवसांत गजेंद्रनं डोकी मोजणं सोडूनच दिलं. तो दारात उभा राहून ओरडायचा, "छत्री आली का?" माझी टक टक ऐकून मागचे म्हणायचे, "आली, आली!" की बस सुटायची. छत्री आली म्हणजे मावशी आली, मावशी आली म्हणजे सगळे आले. माझ्यावाचून बस हलत नाही, याचा मला केवढा ताठा! गुलाबीला मी मनात म्हणायचे, बस तू पर्समध्ये.

दांबुल्याच्या लेण्यांपाशी गंमत झाली. निमल केळी घ्यायला थांबला, छत्री काखेत. माकडानं केळी सोडली आणि केशरी छत्री घेऊन झाडावर पळालं! सगळे पोट धरून हसले. मी सर्वांत जास्त हसले. दुसऱ्या दिवशी अनुराधापूरला उतरल्यावर निमलनं इकडं तिकडं बघितलं आणि सिंधूताईंपुढं हात जोडले. "अम्मा, आज का दिन आपका लंबा छाता देगा?"

सिंधूताईंचा स्वभाव असा, की मागणाऱ्याला नाही म्हणणं त्यांना जमतच नाही. गुडघ्याचं एक अक्षरही त्या बोलल्या नाहीत. "घे बाबा. माह्यं काय, येईन हळूहळू."

आणि मित्रांनो, मी उंच गेले! माझ्या टोकाला निमलनं केशरी रुमाल बांधला. तीस माणसं माझ्याकडं बघत चालली. आधी एक भलामोठा पांढरा स्तूप बघायचा होता, मग बसनं बोधिवृक्षाकडं. मी आनंदानं वेडी झाले. मागं पर्समध्ये घुसमटणाऱ्या गुलाबीची मला आठवण आली आणि गार गार वाटलं. सिंधूताईंची मात्र आठवण आली नाही. खोटं कशाला बोलू?

स्तूप बघून सगळे बसकडं परतले तेव्हा मी वरून मागं बघितलं. सिंधूताई स्तूपाच्या बाहेरच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. गुडघा दोन्ही हातांनी धरलेला. उठायला बघत होत्या, पण टेकायला हाताखाली काही नव्हतं. हाताखाली असायची ती मी.

गजेंद्र दारात उभा राहिला. "छत्री आली का?"

"आली, आली!" सगळे म्हणाले. आलेच होते ना मी, निमलच्या हातात, सगळ्यांच्या पुढं! बस सुटली. मला तोंड असतं तर बोंब ठोकली असती. थांबा रे, छत्री आली, बाई राहिली! पण छत्रीला कुठलं तोंड?

बोधिवृक्षापाशी चपला काढायच्या, छत्र्या बाहेर ठेवायच्या. मला एका बुटक्या भिंतीला टेकवून सगळे आत गेले. आतून वंदनेचा आवाज येत होता. वारा सुटला होता, पिंपळाची पानं सळसळत होती. माझं कशात लक्ष नव्हतं. माझ्या सैल कापडात काहीतरी हलकं येऊन पडलं, तेही मी नीट बघितलं नाही. पंजाबराव काय म्हणाले होते? हे सिंधूले पुरीन आयुष्यभर. आणि मी तिला ऐन वेळी उन्हात टाकून आले होते, चार लोकांनी वर बघावं म्हणून.

बाहेर आल्यावर गजेंद्रनं मला उचललं. "घ्या मावशी, तुमची छत्री..." मागं वळला तर मावशी नाहीत. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. फोन लावला, तर ताईंचा मोबाइल बसमध्येच चार्जिंगला वाजत होता. "अरे, छत्री आली म्हनून सोडली म्या बस!" असं म्हणत त्यानं कपाळावर हात मारला.

बस उलटी पळाली. स्तूपापाशी तोवर गावोगावचे यात्रेकरू आले होते. सगळ्या बायका पांढऱ्या कपड्यांत. सिंधूताईंचंही लुगडं पांढरंच. त्या शेकडो पांढऱ्यांत आपली बाई कशी शोधायची? गजेंद्र हाका मारत सुटला. मी त्याच्या हातात हेलकावे खात होते.

तेवढ्यात लांब भिंतीपाशी टप्प झालं. पांढऱ्या गर्दीच्या वर एक गुलाबी छत्री उभी राहिली. पांढऱ्या फुलांची. सिंधूताईंनी ती दोन्ही हातांनी उंच धरली होती. निमलनं शिकवलेलं त्या विसरल्या नव्हत्या.

"थे पाहा! थे मावशीची!" गजेंद्र धावला आणि लहान लेकरासारखा रडायलाच लागला. सिंधूताईंनीच त्याची पाठ थोपटली. "काऊन रडून राह्यला बाबा? सावलीत होती मी. लय कामाची हाय हे छत्री."

मित्रांनो, ते शब्द मला लागले. लागले, पण खोटे नव्हते. मी सिंधूताईंना हरवलं होतं आणि गुलाबीनं शोधून दिलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्या सवतीकडं वाकड्या नजरेनं बघितलं नाही.

कोलंबोला पोहोचायला उशीर होणार होता, तरी एकही माणूस कुरकुरला नाही. सगळे पुन्हा बोधिवृक्षाकडं आले. या वेळी सिंधूताई आत गेल्या. खूप वेळानं बाहेर आल्या, रिकाम्या हातानं. तोवर झाडलोट होऊन गेली होती, खाली एक पान शिल्लक नव्हतं. गजेंद्रला मघाशी एक मिळालं होतं. तो म्हणाला, "मावशी, माह्यं घ्या."

"नको. तू तुह्या मायसाठी घेतलं. तिच्या वाट्याचं मी नाही घेत." त्यांनी डोळे पुसले. "डोळ्यानं पाह्यलं, झालं."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. माझ्या घडीत जे पडलं होतं, ते पान होतं! कापडाच्या आत, काडीला चिकटून, अख्खं. पण मला उघडल्याशिवाय ते दिसणार कसं? आणि उघडतं कोण मला? पाऊस आला की गुलाबी, ऊन लागलं की गुलाबी. गुलाबी असेपर्यंत मी काठी आणि पान माझ्या पोटात. वाळून भुगा झालं असतं तरी कोणाला कळलं नसतं.

परतताना विमानतळावर निमल निरोप द्यायला आला. सिंधूताईंनी पर्स उघडली आणि गुलाबी त्याच्या हातात दिली. "तुही माकडानं नेली ना? हे घे. गर्दीत लांबून दिसते." निमलनं ती टप्पकन उघडून डोक्यावर धरली. तीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी? सवत गेली म्हणून मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

धाडला आल्यावर रविवारी सिंधूताई मला टेकत मंजुश्रीबरोबर विहारात गेल्या. वंदना झाली. मग त्या भिंतीपाशी गेल्या आणि ती रिकामी चौकट उतरवून काखेत धरली. "आता काय ठेवाची? लोकं हासतात." दोघी पायरीवर आल्या. बाहेर ऊन रणरणत होतं.

"आई, ऊन लय हाय. छत्री उघडा ना," मंजुश्री म्हणाली.

सिंधूताईंनी पर्सकडं हात नेला, मग आठवलं. चौकट सुनेच्या हातात देऊन त्यांनी माझी कळ दाबली. गंजलेली कळ करकरली. मी उघडले आणि पान भिरभिरत खाली आलं, त्यांच्या पायाशी पडलं. पिंपळाचं, लांब शेपटीचं, आठवडाभर दाबून सपाट झालेलं.

सिंधूताई पायरीवरच बसल्या. पान तळहातावर घेतलं आणि चौकटीवर ठेवून बघितलं. बरोबर मावत होतं. "पाहा वं मंजू," त्या कशाबशा म्हणाल्या, "ह्या म्हातारीनं आणलं. इतके दिवस पोटात घेऊन हिंडली, आन् म्या तिले उघडलंच नाही."

ते पान आता विहाराच्या भिंतीवर आहे. मी सिंधूताईंच्या दारामागं खुंटीवर असते. शाकीरचाचा म्हणतात, या पावसाळ्यात कुठूनतरी पट्टी शोधून बसवतो. सिंधूताई म्हणतात, राहू द्या, सैलच बरी. कधी कधी मनात येतं, ती गुलाबी आज कुठल्या स्तूपापुढं उंच मिरवत असेल आणि किती माणसं मान वर करून तिच्यामागं चालत असतील. मग माझ्या आठही काड्यांमध्ये तोच जुना ठणका उठतो. स्वभावाला औषध नाही, मित्रांनो.

तुमच्या घरातही दारामागं, माळ्यावर कोणीतरी माझ्यासारखं असेल. नवं आणायचं तर खुशाल आणा, ते वेळेला धावून येतं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. पण जुन्याला टाकण्याआधी एकदा उघडून बघा. आम्हाला आपणहून उघडता येत नाही.