आठवड्यातून दोनदा

"पाळीच्या तारखा तेवढ्या तू भर. बाकीचं मी लिहिलंय," म्हणत नवऱ्याने फॉर्म तिच्या मांडीवर ठेवला आणि तो दवाखान्याच्या भिंतीवरचं घड्याळ पाहू लागला.

वय. वजन. लग्नाला वर्षं सहा. मग अकरावा प्रश्न : संबंध किती वेळा? समोर त्याच्या टपोऱ्या अक्षरात, 'आठवड्यातून दोनदा.'

तिच्या कानशिलांत जाळ उठला. तीन वर्षं हा माणूस पाठ करून झोपत होता. एकदा तिने हात लावून पाहिला, तर अंगावरची मुंगी उचलावी तसा तो हात त्याने अलगद बाजूला ठेवला होता. काय बिनसलं, ते कधी सांगितलं नाही. आणि नोकरी कसली, तर वजनमापं तपासण्याची! किलोमागे पाच ग्रॅम कमी भरले तर दुकानदाराचा तराजू उचलून आणायचा.

"कुठल्या आठवड्यातून?" तिने विचारलं.

"हळू बोल. सगळे असंच लिहितात. डॉक्टर काय मोजायला येणारेत?"

"यावरूनच ते मला इंजेक्शनं लिहून देणार. रोज पोटात."

"दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. पुढचं सगळं लॅबमध्ये होतं. आपल्याला काही करावं लागत नाही."

आपल्याला! म्हणजे त्याला.

पलीकडच्या खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या, "भर गं पटकन. आधीच सहा वर्षं घालवलीस."

ती नऊ वर्षं रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. तिथला नियम साधा. नोंद चुकली तर खरडायची नाही, पांढरं फासायचं नाही. वरून एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर नोंद आणि आपली सही.

तिने पेन उघडलं. 'आठवड्यातून दोनदा'वर एक सरळ रेघ ओढली. शेजारी लिहिलं : 'तीन वर्षांत एकदाही नाही.' खाली सही.

"वेड लागलंय का? आई बसलीय इथे!"

"बसू देत. त्यांनाही वाचता येतं."

तिने फॉर्म सासूबाईंपुढे धरला. त्यांनी चष्मा लावला. वाचलं. मुलाकडे पाहिलं; तो घड्याळाकडेच पाहत होता. मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "हे पुसता नाही का येत?"

"नाही, आई."

तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला गेला. ती एकटीच उठली.

काउंटरवरच्या नर्सने अकराव्या प्रश्नापाशी बोट थांबवलं. "मिस्टर कुठेत?"

"घड्याळ बघतायत."

नर्सने मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. "ही सही तुमचीच ना? जरा हललीय."

तान्ह्या बाळांच्या शिरा शोधतानाही तिचा हात कधी हलला नव्हता.

"माझीच आहे," ती म्हणाली. "राहू दे तशीच."