जामीनदाराच्या वावरात

बंद्याचे नाव :

"लिवा ना, जगदेव," वैजयंतीने नवऱ्याचं नाव सांगितलं आणि उडीद पाखडत राहिली.

जमादार अंगणातल्या बाजेवर बसला होता, मांडीवर रजेच्या चौकशीचा कागद. नवरा कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं, तरी विचारावं लागतं. धुऱ्याच्या, शेताच्या बांधाच्या, भांडणात जगदेवच्या हातून चुलतभाऊ मेला. जन्मठेप झाली. ती चुकीची होती असं घरात कोणी म्हणत नाही. सहा वर्षं तो नीट वागला, म्हणून त्याला शेतीवाल्या खुल्या तुरुंगात हलवलं. तिथे तो सोयाबीन सोंगतो, तूर काढतो. पाच वाजता शिट्टी झाली की विळा जमा करतो.

रजेचे कारण :

आई आजारी.

आत मनकर्णाबाई कुशीवर वळली. सासूच्या पोटात गाठ आहे, थंडी निघणार नाही, असं वाशिमच्या डॉक्टरने वैजयंतीला बाजूला घेऊन सांगितलं होतं. आत्ता एकवीस दिवसांची रजा मिळाली तरच मायलेकाची भेट.

जामीनदार :

जमादाराने विचारलंही नाही. 'उ' लिहून झाला होता.

"थांबा," वैजयंती म्हणाली. "उत्तमराव नाई. माह्यं नाव लिवा."

"तुह्यं?" जमादार हसला.

किन्हीराजाच्या त्या पट्ट्यात सगळ्यांना एक गोष्ट माहीत होती. कैद्याला रजेवर आणायचं तर जामीन वजनदार माणसाचाच लागतो, बाईचा चालत नाही. हे पहिल्यांदा कोणी सांगितलं, ते कोणी विचारलं नव्हतं. उत्तमरावची साठ एकर सोयाबीन होती. दर साली सोंगणीच्या तोंडावर तो दोन-तीन कैद्यांना जामीन राहायचा, आणि गाव म्हणायचं, देवमाणूस आहे.

"मुलाकतीले गेली तवा वकीलबाईनं सांगतलं. जवळचा नातेवाईक चालते. बायको नातेवाईक नसते काय?"

"चालते," जमादार हळू आवाजात म्हणाला. "पन इकडं कोनी लिवत नाई तसं." त्याने 'उ' खोडला.

रजेच्या काळातील मुक्काम :

गेल्या वर्षी इथे 'राहते घर' असं लिहिलं होतं.

एकवीसपैकी अठरा दिवस जगदेव उत्तमरावच्या वावरात होता. उजाडताच दारात ट्रॅक्टर. परत यायचा तेव्हा नऊ वर्षांची संस्कृती झोपलेली असायची. मनकर्णाबाई म्हणायची, "घडीभर बस ना रे बापा माह्यापाशी." तो पाय न धुताच आडवा व्हायचा. "तिथं शिट्टी होते माय. इथं कोन वाजवनार?"

यापूर्वीच्या रजेतील वर्तणूक :

'तीन दिवस उशिरा हजर.' कागदावर एवढंच.

परतायच्या दिवशी उत्तमराव म्हणाला होता, "दोन वावरं राह्यली. मी बोलतो सायबासंग. जामीन मी हाओ का तू?" तो कुणाशीच बोलला नाही. तीन दिवसांपायी जगदेवची शिक्षेतली पंधरा दिवसांची माफी कापली गेली.

"म्हनून यंदा उत्तमराव नाई," वैजयंतीने सुपातला खडा फेकला. "यंदा जाच्या दिवशी मी सोता तुरुंगाच्या दारात नेऊन उभा करीन. एक दिवस आधी पाह्यजे असन तर एक दिवस आधी."

जमादार लिहीत होता. सकाळपासून उत्तमरावच्या वावरात मळणीयंत्र चालू होतं; त्याचा घरघराट आता कानाला जाणवतही नव्हता. तो घरघराट एकाएकी थांबला.

वैजयंतीचं सूप थांबलं. जमादाराने मान वर केली. मग धुळीचा लोट उडवत जीप आली आणि दोन घरं सोडून रुपाबाईच्या दारात उभी राहिली.

मागच्या बाकावर रुपाबाईचा मुलगा भाऊसिंग होता. तोही रजेवर आलेला. उत्तमरावच जामीनदार. उजवा हात दुपट्ट्यात गुंडाळलेला, आणि दुपट्टा रक्ताने जड होत चाललेला.

"दवाखान्यात न्या ना वो!" रुपाबाई जीपला चिकटली. "इकडं कायले आनला?"

उत्तमराव शांतपणे उतरला. जमादाराला पाहून नमस्कार केला. "बरं झालं तुमी हाय. घरीच लागलं पोराले, कडबाकुट्टीत. सांग रुपाबाई जमादारायले."

रुपाबाईच्या घरी बैल नव्हता, म्हैस नव्हती, शेळीसुद्धा नव्हती. चारा कापायची कडबाकुट्टी कुठून येणार? दारात जमलेल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. ड्रायव्हर किल्ली बोटात फिरवत होता.

"सांग," उत्तमराव म्हणाला. "उशीर होऊन राह्यला."

"घरी लागलं," रुपाबाई म्हणाली.

जीप सुरू झाली.

गावातील शांततेस बाधा येण्याची शक्यता :

हा रकाना भरायला जमादार दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रामपंचायतीसमोर आला. दोन पंचांनी 'बाधा नाही' असं म्हणून सही केली की अहवाल पुढे जाणार होता. तीस-चाळीस माणसं उभी होती. उत्तमराव खुर्चीवर.

"लिवा, हाय," तो म्हणाला. "खुनी मानूस हाय. गावात बायापोरं राह्यतात."

"मांगच्या साली नव्हता काय खुनी?" वैजयंतीने विचारलं. "तुमच्या वावरात अठरा दिवस विळा घेऊन फिरला तवा?"

कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

"लय बोलाले लागली तू. सासूले पोराचं तोंड दिसू द्याचं हाय का नाई? माह्यं नाव टाक, आठ दिवसांत आनतो त्याले."

घरून निघताना मनकर्णाबाईने वैजयंतीला जवळ बोलावलं होतं. "मांगच्या साली आला, तवा म्या त्याले झोपलेलाच पाह्यला. तसा आनू नको वं."

"नाई," ती म्हणाली.

गर्दीतून रुपाबाई पुढे आली. दवाखान्यातून थेट आलेली. लुगड्यावरचं रक्त काळं पडलं होतं. "भाऊसिंगचा हात काढला, मनगटापासून. जमादार, लिवा. माह्या घरी कडबाकुट्टी नाई. काल खोटं बोलली. जीप सोडत नव्हते."

"रुपाबाई, तुह्या पोराचा जामीन मी हाओ. आत्ता काढून घेतो."

"घ्या. एका हाताचा तो तुमाले आता कोन्या कामाचा?"

उत्तमराव समोरच्या एकेका चेहऱ्याकडे सावकाश पाहत गेला, जणू कोण कोण आलंय ते लक्षात ठेवत होता.

रुपाबाईने जमादाराच्या हातातला कागद ओढला. "जगदेवपासून गावाले काई बाधा नाई. कुठं करू आंगठा?"

जमादाराने जागा दाखवली. शाईचा डबा पुढे केला. मग कागदावर फुंकर घातली आणि विचारलं, "दुसरा पंच?"

पायाखालची माती कोणी अंगठ्याने उकरली. एकाला बैलांना पाणी पाजायचं आठवलं, तो निघाला. त्याच्या मागे आणखी दोघं. उरलेल्यांना वावर होतं, घर होतं, आणि बहुतेकांना सही करता येत होती.

वैजयंती कोणाकडेही बघत नव्हती. ती कागदाकडे बघत होती.

पंच क्रमांक एक : रुपाबाई, डाव्या हाताचा अंगठा.

पंच क्रमांक दोन :