डोक्यावर बसलेला पाहुणा

मित्रांनो, दिसायला मी दगड आहे, पण जिवंत आहे आणि आता बराच म्हातारा झालो आहे. लोक मला प्रवाळ म्हणतात. हार्लिंगनला, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका घरात, बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या समुद्रात मी राहतो. अंगभर बारीक दगडी नळ्या, प्रत्येक नळीत एक तोंड आणि तोंडाभोवती पांढऱ्या टोकांच्या हिरव्या मिशा, असं माझं रूप. कान मला नाहीत. पण माणसं बोलली की काच थरथरते, तेवढं मला पुरतं.

इथे आलो तेव्हा मी अक्रोडाएवढा होतो. घरची मालकीण वीत्स्के तेव्हा शाळेची बस चालवायची. घरी आली की बूट काढायच्या आधी मला बघून जायची. पाण्यातला चुना शोषून माझं अंग मीच बांधलं, पण तो चुना पाण्यात न चुकता घालायची तीच. होता होता मी फुलकोबीच्या गड्ड्याएवढा झालो. तिच्या वाढदिवसाला पाहुणे खुर्च्यांचं रिंगण करून बसत, कॉफीबरोबर केकचा एकेक तुकडा खात, आणि बोलण्यासारखं काही उरलं नाही की माझ्याकडे बघून म्हणत, "केवढा झाला गं!" हे ऐकायची मला चटकच लागली. मध्ये एकदा वीत्स्केने पकडीने माझा एक तुकडा मोडून नेला. दुखलं, पण मालकिणीला काय बोलणार?

आणखी एक सांगायला हवं. माझ्याकडे लांब धागे आहेत. कोणी परका जवळ आला की मी ते सोडतो, आणि जिथे ते टेकतात तिथलं कातडं भाजून निघतं. म्हणून माझ्याभोवती वीतभर जागा नेहमी मोकळी असते. ती माझी जागा.

दोन हिवाळ्यांपूर्वी माझी एक बाजू पांढरी पडली. मांस गेलं, नुसती हाडं उरली. वीत्स्के काचेला नाक लावून बघायची आणि तोंड पाडून निघून जायची.

"वय झालं त्याचं," तिचा नवरा फोपे म्हणायचा. "आपलं नाही का झालं?"

"तू गप्प बस रे. तुझ्या पांढऱ्या डोक्यासाठी कोणी रडत नाहीये."

मग वसंतात तिचा वाढदिवस आला. पूर्वी शेजारी राहणारा आणि नंतर द्राख्तनला गेलेला आऊके त्या दिवशी आला. इथल्या रीतीप्रमाणे बायकोच्या वाढदिवसाबद्दल त्याने आधी फोपेचं अभिनंदन केलं आणि मफलरमध्ये गुंडाळलेली पाण्याची पिशवी वीत्स्केच्या हातात ठेवली.

"आठवणीने आणलंय बरं का," तो म्हणाला.

वीत्स्केने पिशवी उजेडात धरली. तिचे डोळे भरून आले. "अरे आऊके, मला वाटलं तू विसरलास!" असं म्हणून तिने ती पिशवी छातीशी धरली. मला कोणी कधी छातीशी धरलं नव्हतं.

पिशवीत एक छोटा दगडी प्रवाळ होता. रंग हिरवा, पण त्यात सोनेरी झाक, आणि अंगावर एक पांढरा डाग म्हणून नाही. सगळ्या खुर्च्या त्याच्याकडे वळल्या. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मित्रांनो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आणि लाड तरी किती! आधी पिशवी आमच्या पाण्यावर तरंगत ठेवली, त्याला गारवा बाधू नये म्हणून. मग आमचं पाणी त्याला थेंबथेंब पाजलं. मग औषधाची आंघोळ. शेवटी त्याला प्रखर उजेड सोसणार नाही म्हणून दिवे मंद केले, म्हणजे माझ्या तोंडचा उजेडही पळवला. झिंग्याचा चुरा नळीने आधी त्याला, उरला तर मला. कहर म्हणजे त्याला ठेवलं ते माझ्या वीतभर जागेत, अगदी पायथ्याशी!

"अगं, वेडी झालीस का?" फोपे म्हणाला. "म्हातारा भांडकुदळ आहे. भाजून काढेल त्याला!"

"बघू या," वीत्स्के म्हणाली.

मला वाटलं, चला, परवानगीच मिळाली. एका सकाळी, दिवे लागायच्या आधी, मी माझे सगळ्यांत लांब धागे त्याच्यावर सोडले. तो मरावा असं मला वाटत होतं. उगाच गोड बोलत नाही. धागे टेकले. आता भाजणार, आता भाजणार, म्हणून मी वाट बघत राहिलो, आणि काही झालंच नाही. माझं विषच बाहेर येईना. त्याचेही धागे माझ्यावर टेकले होते, तेही निवांत. आपलाच एक हात दुसऱ्या हाताला लागावा, तसं वाटलं.

"वीत्स्के, लवकर ये!" फोपे ओरडला. "धागे अंगावर पडलेत, आणि त्याला ढिम्म काही नाही!"

वीत्स्के कॉफीचा पेला घेऊन आली, वाकून बघत राहिली आणि मोठ्याने हसली. "म्हणजे तोच आहे हा. आऊके इथून गेला तेव्हा या म्हाताऱ्याचाच तुकडा मोडून दिला होता मी. त्याचे दिवे वेगळे, म्हणून रंग बदलला."

"मग मला सांगायचं तरी!"

"आऊकेकडे असले ढीगभर आहेत. चुकून दुसराच आणला असता तर? म्हणून जवळ ठेवून बघितलं. स्वतःच्या अंगाला हा कशाला डसेल?"

त्याच दुपारी तिने त्याला उचललं, खाली चिकट लांबीचा गोळा लावला आणि माझ्या उघड्या पडलेल्या हाडांवर चिकटवलं. अक्षरशः डोक्यावर बसवला!

आता त्याचं मांस माझ्या पांढऱ्या बाजूवर हळूहळू पसरतं आहे. मी कुठे संपतो आणि तो कुठे सुरू होतो, हे वीत्स्केलाही सांगता येत नाही. हेवा पुरता गेलाय असं नाही. वर बसल्यामुळे उजेड आधी त्यालाच मिळतो, आणि ते मला खुपतं.

मित्रांनो, तुमच्याही घरी असा काचेचा समुद्र असेल तर माझं एक ऐका. तुमचा लाडका प्रवाळ धडधाकट असतानाच त्याचा एक तुकडा मोडून कोणाला तरी देऊन ठेवा. तो कुरकुर करेल. करू द्या.

यंदा वाढदिवसाला पुन्हा खुर्च्यांचं रिंगण झालं. केक संपला, बोलणं संपलं, आणि त्या सोनेरी बाजूकडे बघून सगळे म्हणाले, "केवढा झाला गं!" मी जळफळायला सुरुवात केली, आणि मग लक्षात आलं की ते मलाच म्हणत होते.