अगदी घरच्यासारखी चव

शहरात सकाळचं चांगलं खायला कुठं मिळतं हे लोकांना सांगायचं काम ज्याच्याकडे होतं, त्याने आयुष्यात स्वतःच्या घरी साधं अंडं फोडलं नव्हतं. कचेरीत त्याला खवय्या म्हणत. तेही तोंडावर, मागे काय म्हणत ते छापण्यासारखं नाही. दर रविवारी त्याचं सदर यायचं आणि दर रविवारी त्यात एक वाक्य ठरलेलं : अगदी घरच्यासारखी चव. पुलाखालची टपरी असो, की अकराला उठणाऱ्या मंडळींना दुपारपर्यंत ब्रंच वाढणारं काचेचं दुकान असो, या बाबाला सगळीकडे घरच दिसायचं.

शेवटी संपादकबाईंनी वर्षभराची कात्रणं पुढ्यात टाकली. बावन्न लाल खुणा. त्रेपन्नाव्यांदा हे वाक्य आलं तर सदर क्रीडावाल्याला देईन, तो निदान धावतो तरी, असं त्या अगदी शांतपणे म्हणाल्या.

सदर गेलं की खवय्याच्या वाट्याला उरणार हवामान आणि निधनवार्ता.

शनिवारी तो छापखान्यामागच्या गल्लीत, सहा टेबलांच्या एका नव्या जागी पोचला. बारापर्यंत मजकूर द्यायचा होता. एरवी ‘कामावर बायको कशाला’ म्हणणाऱ्या या गृहस्थाने आज शाळेत कारकून असलेल्या बायकोला सोबत आणलं होतं, कारण डोकं साफ बंद पडलं होतं.

ऑम्लेट आलं. कडा कुरकुरीत, आत लुसलुशीत. पाव नुकता भट्टीतून निघालेला. खवय्याने घास घेतला, डोळे मिटले, आणि तेच मेलं वाक्य जिभेवर येऊन बसलं. त्याने वहीत ‘अगदी’ लिहिलं आणि खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. बायको निवांत खात होती.

साडेअकराला त्याने हात टेकले. तूच सांग म्हणाला, लागतंय की नाही घरच्यासारखं?

“छे हो. घरी एवढं गरम कधी खाल्लंय मी? तुमचं उरकल्यावर माझं, ओट्याशी उभ्याने.”

“मग हे कशासारखं लागतंय?”

“बसून खाल्ल्यासारखं.”

खवय्याला लाज वाटली. पण लिहिणाऱ्यांची जातच निलाजरी. हात थांबला नाही. तिचं बोलणं त्याने जसंच्या तसं उतरवलं. संपादकबाईंनी त्यातला काना-मात्राही न हलवता ते छापायला सोडलं आणि सदर तुमच्याकडेच राहील, असा निरोप धाडला.

रविवारी बायकोने पेपर वाचला, घडी घातली आणि टेबलाशी बसून राहिली. खवय्या नेहमीसारखा बशीची वाट पाहत होता. पाचेक मिनिटांनी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. मुकाट्याने उठला. साऱ्या शहरातल्या भट्ट्या तोंडपाठ असलेल्या त्या पठ्ठ्याला स्वतःच्या स्वयंपाकघरात तवा सापडेना.

“ओट्याखाली, डावीकडे,” ती बसल्या जागेवरून म्हणाली. “मीठ मात्र विचारू नका. शोधायचाच तर पगार घेता.”