फाइल मालकाच्या नावावर

सत्यभामाबाईंनी अकरा वर्षं एक फाइल लेकरासारखी सांभाळली होती. शंकर नगरच्या केंद्रात येणाऱ्या, ऐकू न येणाऱ्या मुलांची. कोणाच्या कोणत्या कानाला मशीन, तिचा आवाज किती, कधी वाढवला, कधी उतरवला. आणि शेवटच्या रकान्यात मुलाचा पहिला शब्द. 'आई' म्हणणारे फार नव्हते. कोणी 'पानी' म्हटलं होतं, कोणी 'बस', आणि एका पोट्टीनं 'कुकर'.

शनिवारी बाई रिटायर झाल्या. सोमवारी सकाळी साडेनऊला अपर्णानं कंप्युटरवर ती फाइल उघडायला घेतली, तर पडद्यावर एकच ओळ: तुम्हाला परवानगी नाही. मालकाकडे विनंती करा.

बाईंच्या जागी फाइलचं काम आता तिच्याकडे आलं होतं, पहिलाच दिवस. तिनं विनंती पाठवली. पुन्हा पाठवली. तिसऱ्यांदा पाठवली. बाहेर बाकांवर धमतरी, महासमुंद, आरंगहून आलेल्या आया मुलांना मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नागपूरचे कानाचे डॉक्टर वर्षातून दोनदाच येत. आज अकराला बसणार, चारच्या गाडीनं परत. जुने आकडे समोर नसले तर एकाही मशीनला हात लावणार नाही, हे त्यांनी आधीच कळवलेलं. चौतीस मुलं. पुढची फेरी सहा महिन्यांनी, आणि त्या वयात सहा महिने म्हणजे केवढे शब्द, केवढी बडबड!

बाई फोन उचलेनात. अपर्णानं स्कूटी काढली आणि थेट बूढापारा गाठला.

बाई गच्चीवर मुंगवड्या घालत होत्या. फोन खाली राहिलेला.

"काकू, फाइल कुठाय?"

"तू सांगतलं तशीच तं केली व. मालकाच्या नावावर."

"पर केंद्राच्या खात्यात नाहीये!"

"केंद्राच्या काहून असंन? मालकाच्या केली." बाईंनी डाळीनं माखलेलं बोट खाली अंगणाकडे केलं. "ते काय, पेपर वाचून राहिले."

अंगणात बाईंचे यजमान हरिदास, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड, चष्मा नाकावर ओढून बसले होते.

अपर्णाच्या आता लक्षात आलं. शुक्रवारी फोनवर तिनंच सांगितलं होतं: काकू, फाइल मालकाच्या नावावर करा, बाकी सगळ्यांना काढून टाका. तिच्या मनात केंद्र होतं. ती चौबे कॉलोनीत वाढलेली, घरात मम्मी-पप्पा आणि निम्मी हिंदी. वऱ्हाडाकडच्या बाया नवऱ्याला मालक म्हणतात, हे तिच्या कानावरून कधी गेलंच नव्हतं.

"मले बी नवल वाटलं," बाई म्हणाल्या. "काम मी केलं न् नाव मालकाचं काहून? मंग म्हटलं, सगळ्या कागदायवर असंच तं मागतात. नवऱ्याचं नाव लिहा, नवऱ्याची सही आणा. मालकाच्या फोनवर 'स्वीकारा' बी मीच दाबलं. मंग एकेकाले काढलं. सोताले बी."

"म्हणजे फाइल आहे? पुसली नाही गेली?"

"पुसंन काहून? अकरा वर्षं घातली मी तिच्यात."

अपर्णाला आधी हसू आलं, मग डोळे भरले, मग पुन्हा हसू.

दोघी खाली उतरल्या. "अवो, फोन द्या तुमचा."

"नाही. सकाळपासून कोणीतरी परवानगी मागून राहिलं. तीनदा आली विनंती. मी तिन्ही डाव 'नाही' दाबलं. आजकाल असंच फसवतात."

"काका, वो मैं ही थी!"

"तू होय? मंग फोन करून सांगाचं नं. तीस वर्षं गार्ड होतो मी पोरी, कोणालेही हिरवी झेंडी नसतो दाखवत."

दहा पस्तीस झाले होते. अपर्णा त्यांच्या खुर्चीशी उकिडवी बसली. आधी केंद्राला 'संपादक' करा, म्हणजे फाइलमध्ये बदल करायची मुभा, काका. आता तिथं दाबा. मालक बदला. काकांचा अंगठा पडद्यावर अधांतरी राहिला.

"काल दुपारभर हेच वाचलं मी," ते हळूच म्हणाले. "एक पोट्टा आहे. सात महिने त्याच्यापुढं काहीच नाही, काहीच नाही. न् मंग 'चाय'." त्यांनी बायकोकडे पाहिलं. "घरी येऊन तू कधी बोलली नाहीस."

"घरी आली की तुमीबी चायच मागता. सांगू कवा?"

काका हसले. "मले नुसतं पाहू दे व पोरी. बदलणार नाही काही."

अपर्णाला नाही म्हणवेना. बाईंनीच म्हटलं, "नाही. लोकायच्या लेकरायचं आहे ते. तुमालेबी नाही, न् आता मलेबी नाही. दाबा."

त्यांनी दाबलं. अपर्णानं आपल्या फोनवरून केंद्राच्या खात्यात 'स्वीकारा' केलं, यादीतून काकांचं नाव काढलं आणि केंद्रात फोन लावला. तिथल्या कांताबाईंचा आवाज अंगणभर पसरला: "दीदी, खुल गई! सब दिख रहा है! डॉक्टर साहब भी आ गए."

"बस, मैं आती हूँ." अपर्णा फोन ठेवायला लागली.

"थांब व," बाईंनी तिचा हात धरला. "राहू दे जरा चालू."

तिघं त्या एवढ्याशा फोनभोवती वाकले. तिकडे बाक सरकले, कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं, बांगड्या वाजल्या. मग एक बारीक, उंच, अर्धामुर्धा आवाज आला. शब्द नव्हता अजून तो. बाई डोळे मिटून ऐकत राहिल्या.