वर सरकवलेली खिडकी

मी छपरावरची खिडकी बोलतेय. आज गोड बोलणार नाही, आधीच सांगते. गोड ऐकायचं असेल तर खाली बैठकीतल्या खिडकीकडे जा. तिला पडदे आहेत, पडद्यांना झालर आहे, तिचं बरं चाललंय.

कागदावर मला डॉर्मर म्हणतात. उतरत्या छपराची कौलं काढायची, तिथं पुढे छोटी भिंत घालायची, वर इवलंसं छप्पर, की झाले मी. कशासाठी? माळ्यावरच्या खोलीत उजेड यावा म्हणून. काम एवढंच. तेही मला धड करू दिलं नाही.

या घरातली बाई रफू करते. कोटाला, शालीला भोक पडलं की त्याच रंगाचा धागा शोधून असं विणते, की भोक कुठं होतं ते मालकालाही सापडू नये. वीस वर्षं हे काम तिनं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, दिव्याखाली बसून केलं. पण दिव्याखाली गर्द निळा आणि काळा एकच दिसतो. एकदा काळ्या कोटावर निळा धागा बसला. गिऱ्हाइकानं कोट दारात नेऊन उन्हात धरला.

“बाई, हा रफू आहे की ठिगळ?”

पुढं डोळ्यांच्या डॉक्टरनं बजावलं, दिवसाच्या उजेडात काम करा, नाहीतर सुई ठेवून द्या. सुई ठेवायची म्हणजे हिनं करायचं काय? दुसरं काही तिला येत नाही आणि शिकायचंही नाही. खाली बैठकीत सदा पाहुण्यांची वर्दळ, म्हणून माळ्यावर माझा जन्म ठरला.

जन्म झाला नकाशेवाल्याच्या संगणकात. एक बटण दाबलं, घर उभं राहिलं. दुसरं दाबलं, छप्पर बसलं. तिसरं दाबलं, मी उगवले. ना रंधा, ना भुसा, ना कळा. नकाशेवाला आमच्या माळ्यावर एकदाही चढला नाही. मापं त्यानं फोनवर विचारून घेतली. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

संगणकाच्या पडद्यासमोर तिघं बसले होते. नकाशेवाला, बाई आणि बाईचा नवरा.

“हे बघा साहेब, रस्त्यावरून तुमचं घर असं दिसणार.”

नवऱ्यानं मान वाकडी करून पाहिलं. “खिडकी जरा वर घ्या हो. खाली गबाळी दिसते.”

“ही घेतली.”

“अजून थोडी वर. टोपीवरच्या तुऱ्यासारखी दिसली पाहिजे. कोपऱ्यावरून वळणाऱ्याला आधी तीच दिसावी.”

“त्यात काय! हे घ्या.”

पडद्यावर मी बोटभर वर गेले. अहो शहाण्यांनो, छप्पर उतरतं असतं! उतारावर मला जेवढं वर ढकलाल, तेवढी आतल्या जमिनीपासून माझी चौकट उंच जाणार. पडद्यावरचं बोटभर म्हणजे खोलीत दीड हात.

बाईनं विचारलं, तिला दोष नाही. “आतून दाखवता का? मी खाली बसून काम करते.”

“दाखवतो की वहिनी!”

त्यानं आतली खोली दाखवली. मधे सोफा, कोपऱ्यात कुंडी, सगळं लखलखीत. बाई हरखली. मला त्या पडद्यातून ओरडावंसं वाटत होतं, अगं, हा उजेड माझा नाही! मला काढून टाकलं असतं तरी ती खोली तशीच लखलखली असती. संगणकातल्या खोलीत अंधार पडतच नाही. पण खिडकीचं कोण ऐकतं?

मग मिस्त्री आला. म्हातारा सुतार, हातात नकाशा, कानावर पेन्सिल. माळ्यावर चढला, फूटपट्टी लावली आणि थांबला.

“बाई, तुम्ही इथं बसून काम करणार की उभ्यानं?”

“बसून.”

“मग ही खिडकी काय कबुतरांसाठी?”

“मिस्त्री, नकाशात आहे तसं करा,” खालून नवरा ओरडला. “संगणकानं काढलंय. त्याची चूक होत नाही.”

“बरं. तुमचं छप्पर, तुमची हौस.” मिस्त्रीनं करवत उचलली. त्याच्यावरही माझा राग आहे. कळत होतं तर हात का चालवलास रे बाबा?

पहिल्या दिवशी बाई चटई, सुयांचा डबा आणि एक शाल घेऊन वर आली. बसली. माझा उजेड तिच्या डोक्यावरून जाऊन समोरच्या छताच्या तिरप्या फळ्यांवर पडला. तिच्या हातात सावली. ती उभी राहिली तर चौकट तिच्या कपाळाला, बाहेर नुसतं आभाळ. स्टुलावर बसून पाहिलं तरी उजेड खांद्याच्या खाली उतरेना. स्टुलावर पाट ठेवून चढली, तर डोकं वाशाला आपटलं.

शेवटी तिनं खालचा दिवा वर आणला. भर दुपारी, माझ्या नाकाखाली, दिवा! तुम्ही स्वयंपाक करावा आणि पाहुण्यानं तुमच्यासमोर डबा उघडावा, तसं झालं मला.

रस्त्यावर मात्र माझं काय कौतुक! नवरा फाटकात उभा राहून ते गोळा करायचा. नकाशेवाला आला, रस्त्यावरूनच फोटो काढला आणि गेला. वर ये म्हटलं तर घाईत होता.

महिन्याभरात नवऱ्याचा काळा कोट कोपरावर फाटला. बाईनं दिव्याखाली बसून रफू केला. तो घालून स्वारी फाटकात उभी राहिली, आणि शेजारीण म्हणाली, “भावजी, कोपराला निळं काय लागलंय?”

तो तणतणत वर आला. “हे काय केलंस? लोक हसले!”

बाईनं दिवा विझवला. त्याचा हात धरून त्याला चटईवर बसवलं, सुई दिली, दोरा दिला.

“ओवा.”

“अगं, दिवा तरी लाव!”

“दिवा कशाला? खिडकी आहे ना? तुऱ्यासारखी?”

त्यानं दोरा ओला केला. पिळला. एक डोळा मिटला, दुसरा मिटला. सुई वर धरली, खाली धरली. घाम फुटला. बाई कमरेवर हात ठेवून उभी. मग त्यानं मान वर केली आणि मला पहिल्यांदा आतून पाहिलं.

“फारच वर आहे गं.”

“तुम्हीच म्हणालात, अजून थोडी वर.”

त्यानं नकाशेवाल्याला फोन लावला. पलीकडून आवाज आला, “साहेब, खाली घेतली तर घराचं दिसणं बिघडेल. मी इथं सरकवून बघतोय ना!”

बाईनं फोन ओढून घेतला. “भाऊ, तुमच्या संगणकाला म्हणावं, इथं येऊन बस आणि सुईत दोरा ओव. ओवला तर खिडकी आहे तिथं राहील.”

फोन कट झाला. मिस्त्रीला निरोप गेला.

उद्या सकाळी तो मला मोडणार. खालची कौलं निघतील, माझी भिंत उतारावर खाली येईल. रस्त्यावरून मी गबाळी दिसेन. दिसू दे! तुरा मिरवायला मी काय कोंबडा आहे?

पण तो फोटो अजून नकाशेवाल्याच्या दुकानात मोठा करून लावलाय. लोक बोट दाखवून म्हणतात, अशीच हवी. बायांनो, तुमच्यापैकी कुणी तिथं गेलात, तर त्या नकाशेवाल्याला आधी खुर्चीतून उठवा. घरी आणा, माळ्यावर चढवा, तुम्ही जिथं बसणार तिथं बसवा. मग दाबू द्या बटण.

आज संध्याकाळी बाई चटईवर बसली आणि बसल्या बसल्या माझ्या चौकटीसाठी भिंतीवर खडूनं रेघ मारली. तिच्या खांद्याएवढी. नवऱ्यानं विचारलं, “नीट मोजलंस ना?”

“मोजायचं काय त्यात? मी बसलेय की.”

माझं माप तेवढंच होतं.